पाळणाघराचा खर्च: कोणत्या दारात काय मागायचं

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात हिशेब मांडला जातो. आईचा पगार किती, पाळणाघराची फी किती, रिक्षा-लोकलचे किती आणि महिनाअखेर हातात उरणार किती. सासू किंवा आई येऊन राहणार असेल तर हा हिशेब काही महिने पुढे ढकलता येतो. नाहीतर पाळणाघराची फी थेट आईच्या पगारातून वजा केली जाते आणि ‘एवढ्याशासाठी नोकरी कशाला?’ असं कुणीतरी म्हणतं. हे वाक्य मला मुळातच चुकीचं वाटतं. मूल दोघांचं आहे, त्यामुळे फीसुद्धा दोघांच्या पगारातून जायला हवी. शिवाय कायद्याच्या नजरेत मूल सांभाळण्याच्या खर्चात नोकरी देणाऱ्याचा आणि सरकारचाही वाटा आहे. तो वाटा कुठे मिळतो, कसा मागायचा आणि कुठे अजून मिळतच नाही, हे या लेखात एकेक करून पाहू.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं जातं. आपल्याकडे पाळणाघराच्या फीसाठी पालकांच्या हातात रोख मदत जवळजवळ कुठेच मिळत नाही. मिळते ती जागा. म्हणजे मूल ठेवायची सोय. ही सोय कधी मालकाने करायची असते, कधी सरकारने. त्यामुळे ‘मला किती पैसे मिळतील?’ असं विचारून हाती काही लागत नाही. ‘मी जिथे काम करते किंवा जिथे राहते, तिथे कोणती सोय असायला हवी?’ असं विचारलं की वाट सापडते.

इतर देशांत याच्या उलट रचनाही आहे. ब्रिटनमध्ये काम करणारे पालक एका सरकारी ऑनलाइन खात्यात ८ पौंड भरतात तेव्हा सरकार त्यात २ पौंड घालतं. एका मुलामागे ही भर वर्षाला जास्तीत जास्त २,००० पौंडांपर्यंत जाते आणि मग त्या खात्यातून नोंदणीकृत पाळणाघराची फी दिली जाते. त्याशिवाय सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये पात्र नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला ३० तासांचा सांभाळ सरकारी खर्चाने मिळतो. तिथे नोकरीनिमित्त गेलेल्या अनेक मराठी जोडप्यांना मात्र यातलं काही मिळत नाही, कारण दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असते. तीन-चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना मिळणारे आठवड्याचे १५ तास तेवढे त्यांच्याही वाट्याला येतात. तिथे मदत पालकाच्या मागोमाग जाते आणि पालक आपलं पाळणाघर निवडतो. आपल्याकडे मदत एका ठिकाणी उभी असते आणि पालकाला तिच्यापर्यंत पोचावं लागतं. हे असं का झालं, त्याची मुळं थेट मुंबईच्या गिरण्यांत जातात.

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने काम करत होत्या. घरी तान्हं मूल, सांभाळायला कुणी नाही आणि पाळी लांबलचक. मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. ‘बाळागोळी’ या नावाने ती सर्रास विकत मिळे आणि त्या काळातल्या सरकारी पाहण्यांत तिची नोंद आहे. या आया निष्काळजी नव्हत्या. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. पाठोपाठ १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानेही पन्नासचाच आकडा ठेवला आणि १९७६ च्या दुरुस्तीने तो तीसवर आणला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, प्रशिक्षित बाई, मुलांना मोफत दूध किंवा खाऊ आणि आईला दूध पाजायला मधे सुट्टी, एवढं सगळं त्या कायद्याच्या कलम ४८ मध्ये होतं. मळे, विडी कारखाने, खाणी, बांधकामं यांच्यासाठीही पुढे अशाच तरतुदी झाल्या. गिरणीच्या आवारातली ती खोली हाच आपल्याकडच्या सगळ्या विचाराचा साचा ठरला: मूल आईच्या कामाच्या जागी ठेवायचं आणि खर्च मालकाने करायचा.

आजचा कायदा याच साच्यातला आहे, फक्त मोजणी बदलली आहे. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मिळाली. त्या चारांत जेवणाची सुट्टीही धरलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पाळणाघराची तरतूद तिच्या कलम ६७ मध्ये आहे.

इथे एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबायला हवं. कार्यालयात एखादी बाई पाळणाघराबद्दल विचारते तेव्हा मनुष्यबळ विभागातून ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, आपल्याकडे लेडीज आहेतच किती? आठ-दहा. एवढ्यांसाठी कसं परवडणार?’ पण कायदा बायका मोजत नाही, कर्मचारी मोजतो. साठ माणसांच्या कंपनीत चारच बायका असल्या तरी पाळणाघराची जबाबदारी येते. तसं नसतं तर पाळणाघर टाळण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे बायकांना नोकरीवरच न घेणं हा झाला असता, आणि जुन्या तीस बायकांच्या अटीखाली अनेक कारखानदारांनी नेमकं तेच केल्याची तक्रार कामगार चळवळीने वर्षानुवर्षं केली. नव्या मोजणीचा हा खरा फायदा आहे.

तोटाही आहे, आणि तो सांगितला पाहिजे. एखाद्या छोट्या शिलाई युनिटमध्ये पस्तीस बायका आणि पाच पुरुष काम करत असतील, तर जुन्या कारखाना कायद्याखाली तिथे पाळणाघर बंधनकारक होतं. आता एकूण संख्या चाळीस, म्हणजे पन्नासच्या खाली. जिथे जवळजवळ सगळ्याच बायका आणि पगार सर्वात कमी, नेमकं तेच ठिकाण जाळ्यातून निसटतं.

बापांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाळाकडे चार वेळा जाण्याची मुभा आईपुरती आहे, पण व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत पाळणाघर ‘कर्मचाऱ्यांच्या’ सहा वर्षांखालच्या मुलांसाठी म्हटलेलं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ५० किंवा जास्त कामगार असतील तर ‘कामगारांच्या’ मुलांसाठी पाळणाघर सांगितलं आहे. म्हणजे बायकोच्या ऑफिसात सोय नसेल आणि नवऱ्याच्या ऑफिसात असेल, तर मूल त्याच्याबरोबर जाऊ शकतं. सकाळी बाळाची पिशवी खांद्याला लावून ऑफिसला निघणारा बाप अजून कमी दिसतो, पण कायद्याने त्याला अडवलेलं नाही.

मालकाने पाळणाघर स्वतःच्याच इमारतीत काढलं पाहिजे असंही नाही. शेजारच्या दोन-चार कंपन्यांनी मिळून एक काढलं तरी चालतं. सरकारी, महापालिकेचं, खाजगी किंवा एखाद्या संस्थेचं पाळणाघर वापरलं तरी चालतं. दुकाने कायद्यात अशा सामाईक पाळणाघरासाठी एक किलोमीटरचा परीघ दिला आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर अंतर ५०० मीटरच्या आत हवं आणि तीन वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई हवी, असं म्हटलेलं आहे. पुण्यात हिंजवडी, ठाण्यात वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईत महापे अशा एकाला एक लागून कंपन्या असलेल्या ठिकाणी सामाईक पाळणाघर सहज जमण्यासारखं आहे.

खाजगी पाळणाघराशी करार करणाऱ्या कंपन्यांबाबत एक प्रश्न आवर्जून विचारावा: कंपनी फीचा किती भाग स्वतः भरते? काही ठिकाणी ‘टाय-अप’ म्हणजे फक्त फीमध्ये थोडी सवलत असते आणि बाकीचे पैसे आईच भरते. माझ्या मते ही सोय नाही, ही जाहिरात आहे. दुसरा प्रश्न अंतराचा. कंपनी एका टोकाला आणि करारातलं पाळणाघर शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर चार वेळा बाळाकडे जायचा हक्क कागदावरच राहतो.

मागायचं कसं? तोंडी नको, लेखी. शक्यतो गरोदरपणातच, रजेवर जाण्यापूर्वी. अर्जात तीन गोष्टी पुरतात: आस्थापनेत कर्मचारी किती आहेत, आपण कामावर परत कधी येणार आणि तेव्हा मूल किती महिन्यांचं असेल. दोघी-तिघींनी, आणि एखाद्या पुरुष सहकाऱ्यानेही, मिळून अर्ज दिला तर त्याला वजन येतं आणि एकटीवर कुणाचा रोष ओढवत नाही. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. नव्या संहितांत तिथल्या अधिकाऱ्याला ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ म्हणतात.

हे झालं पन्नासच्या वरच्या आस्थापनांचं. पण आपल्या आजूबाजूच्या किती बायका अशा ठिकाणी काम करतात? घरकाम करणाऱ्या मावशी, भाजी विकणारी ताई, पतपेढीतली कारकून, दवाखान्यातली आया, शेतमजूर, ब्युटी पार्लरमधली मुलगी. यांच्यासाठी मालकाचं दार नाही. यांच्यासाठी सरकारचं दार आहे, आणि ते अंगणवाडीत उघडतं. उघडायला हवं, असं म्हणणं जास्त बरोबर.

केंद्र सरकारची पाळणाघरांची योजना तशी जुनी आहे. २००६ मध्ये ती राजीव गांधी यांच्या नावाने चालू होती, २०१७ पासून ‘राष्ट्रीय पाळणाघर योजना’ झाली आणि २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ या नावाने नव्याने आली. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पालकांनी द्यायची फी अशी ठरवलेली होती: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना २० रुपये, दोघांचं मिळून १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर १०० आणि त्याहून जास्त असेल तर २००. आजही खाजगी पाळणाघराच्या फीचा विचार करताना हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. सरकारने मनावर घेतलं तर सांभाळाचा खर्च पालकांसाठी किती खाली येऊ शकतो, हे त्यातून दिसतं.

‘पाळणा’ योजनेत दोन प्रकारची केंद्रं आहेत. काही स्वतंत्र, काही ‘अंगणवाडी-सह-पाळणाघर’. दुसरा प्रकार महत्त्वाचा, कारण त्यात जागा आधीपासूनच आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका केंद्रात साधारण पंचवीस, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. लहानांसाठी झोपायची जागा आणि बोलणं-खेळणं, तीन वर्षांपुढच्यांसाठी शाळापूर्व शिक्षण, गरम आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरण आणि आरोग्य तपासणी. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. आईच्या नोकरीचा पुरावा लागत नाही. कोणत्याही आईचं मूल घेतलं जावं असं योजनेत स्पष्ट आहे. नोकरीची अट काढली हे फार चांगलं झालं. धुणी-भांडी करणाऱ्या बाईने नोकरीचा दाखला आणायचा कुठून?

देशभरात अशी १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरं उभी करायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. महाराष्ट्राने २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रं हाती घेतली. राज्यात अंगणवाड्या सुमारे १ लाख १० हजार आहेत, म्हणजे तीनशेहून जास्त अंगणवाड्यांमागे एक पाळणाघर. ३४५ ला २५ ने गुणलं तर साडेआठ हजारांच्या आसपास मुलं होतात. एखाद्या मोठ्या तालुक्यातलीच गरज याहून जास्त असेल.

तरीही आपल्या भागात असं केंद्र आहे का, हे विचारायला हवं. विचारायचं अंगणवाडी सेविकेला. तिला माहीत नसेल तर तिच्या वरच्या पर्यवेक्षिकेला आणि तिच्याही वर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला. प्रवेशासाठी मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पालकांचं ओळखपत्र आणि मुलाला नेऊ शकणाऱ्या माणसांची नावं तयार ठेवावीत. शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण संध्याकाळी मूल कुणाच्या हातात द्यायचं याची नोंदवही नसलेल्या पाळणाघरात, सरकारी असो वा खाजगी, मूल ठेवू नये.

आता तासांचं बघू, कारण इथे योजना आणि बाईचा दिवस यांची गाठ बसत नाही. नोकरी आठ तासांची. मधली अर्ध्या तासाची सुट्टी धरली तर साडेआठ. जाण्यायेण्याचा एकूण एक तास धरला, आणि मुंबई-ठाण्यात तो दोन-अडीच तासांपर्यंत जातो, तर साडेनऊ. पाळणाघर उघडं साडेसात तास. म्हणजे रोज किमान दोन तास मूल कुणाकडे तरी असायला हवं: शेजारच्या काकूंकडे, शाळेतून आलेल्या थोरल्या बहिणीकडे. बहुतेक ठिकाणी ती थोरली बहीणच असते आणि तिचा अभ्यास तिथेच मागे पडायला लागतो. पाच-सहा घरची कामं करणारी मावशी सकाळी साडेसहाला घर सोडते, तेव्हा तर केंद्राला कुलूपच असतं. केंद्राची वेळ ठरवताना वस्तीतल्या बायकांना विचारलं आणि दोन सेविकांच्या वेळा थोड्या पुढेमागे केल्या, तर याच मनुष्यबळात दार आणखी थोडा वेळ उघडं राहू शकतं.

पण सेविकांकडून आणखी काही मागताना त्यांना आपण काय देतो तेही पाहिलं पाहिजे. अंगणवाडी-सह-पाळणाघरातल्या पाळणा सेविकेचं मानधन महिना ५,५०० रुपये आणि मदतनीसाचं ३,००० रुपये ठरवलेलं आहे. २६ दिवसांनी भागलं तर सेविकेला दिवसाला २११ रुपये पडतात. पंचवीस मुलांत वाटले तर एका मुलामागे साडेआठ रुपये. या साडेआठ रुपयांत ती मुलाची लंगोट बदलते, पेज भरवते, रडणाऱ्याला कडेवर घेते, दुसऱ्याला त्याच वेळी झोका देते, वजन करते, नोंद लिहिते आणि संध्याकाळी आईला सांगते की आज दोनदा पातळ शी झाली, घरी गेल्यावर मीठ-साखरेचं पाणी द्या. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दीर्घ संपावर गेल्या होत्या, त्या याच मानधनाच्या प्रश्नावर. सांभाळाचा खर्च कमी ठेवायचा असेल तर तो कुणाच्या तरी पदरातून जातो, आणि आपल्याकडे तो या बायकांच्या पदरातून जातो आहे. मला या सगळ्या विषयातली ही सर्वात मोठी खोट वाटते. सेविका टिकली नाही तर पाळणाघर टिकत नाही. तान्ह्या मुलाला दर चार महिन्यांनी नवा चेहरा परवडत नाही.

आणखी एक फट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘पाळणा’मध्ये मूल सहा महिन्यांचं झाल्यावर घेतात. ज्या आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, तिच्यासाठी हे बरोबर जुळतं: रजा संपते आणि पाळणाघराचं दार उघडतं. राज्य कामगार विमा असलेल्या कामगार स्त्रीलाही तेवढ्याच आठवड्यांचा लाभ मिळतो. पण जिला रजाच नाही तिचं काय? तिच्यासाठी केंद्राची मातृ वंदना योजना आहे. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. या ५,००० रुपयांना २६ आठवड्यांच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला २७ रुपये येतात. इतक्यावर कुणी घरी बसू शकत नाही. म्हणून ती दीड-दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन किंवा मागे ठेवून कामावर जाते आणि पुढचे चार महिने ते बाळ कोणत्याच योजनेत नसतं.

कामाच्या जागी बाळाला सोबत नेणाऱ्या बायकांसाठीही काही तरतुदी झाल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामं काढली, तेव्हा खडी फोडणाऱ्या बायकांची पोरं रस्त्याच्या कडेला धुळीत बसलेली असत. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात असं आलं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं सोबत असतील तर तिथल्याच एका बाईला त्यांना सांभाळायचं काम द्यायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. ही तरतूद मला फार सुंदर वाटते, कारण मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याचा दाम खडी फोडण्याइतकाच आहे, हे तिने मान्य केलं. कर्नाटकाने याच कायद्याचा आधार घेऊन ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ नावाची पाळणाघरं सुरू केली आणि त्यात गावातल्या बायकांना सांभाळाचं काम दिलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्याखाली कामं निघतील तेव्हा सावली, पाणी आणि मुलं सांभाळणारी बाई हे तीन प्रश्न ग्रामसभेत पहिल्याच दिवशी विचारून घ्यावेत.

बांधकामांची गोष्ट वेगळी. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच तंबूत पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. १९७२ पासून मुंबईतही हे काम सुरू झालं. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर उचलून पुढच्या जागी न्यायचं, ही त्यातली कल्पना. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं गेलं. पण ठेकेदार वेगवेगळे आणि प्रत्येकाच्या हजेरीपुस्तकात बायका चाळीसच्या आतच. नव्या संहितेत बायकांऐवजी एकूण कामगार मोजायचे आहेत, त्यामुळे मोठ्या प्रकल्पांवर ही पळवाट बंद व्हायला हवी. घर बुक करायला गेलेल्या ग्राहकाने बिल्डरला जिम आणि पोहण्याच्या तलावासोबत ‘साइटवर पाळणाघर आहे का?’ एवढं विचारलं तरी फरक पडेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र यातलं काहीच जुळत नाही. बीड आणि अहिल्यानगरकडची जोडपी उचल घेऊन हंगामभर कारखान्यावर जातात आणि कोयत्याचा हिशेब नवरा-बायको मिळून एकच धरला जातो. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं आहेत, पण सहा वर्षांखालचं मूल तिथे ठेवता येत नाही. ते कोपीत राहतं आणि पहाटे आईबरोबर फडात जातं. कागदोपत्री ही बाई मुकादमाची की कारखान्याची, याचंच उत्तर नसल्याने तिच्या मुलाच्या पाळणाघराची जबाबदारी कुणावरच येत नाही. कारखान्याच्या आवाराजवळ हंगामापुरतं पाळणा केंद्र काढणं योजनेच्या चौकटीत बसवता येण्यासारखं आहे. गाळप हंगामाच्या तारखा आधी ठरतात आणि टोळ्या कुठे उतरणार हेही कारखान्याला माहीत असतं.

सरकारी नोकरीत असलेल्यांना मदत वेळेच्या रूपाने मिळते. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना मुलं १८ वर्षांची होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, तसेच पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची अशी रजा दिली. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या दिव्यांग महिला कर्मचाऱ्यांना मूल दोन वर्षांचं होईपर्यंत मिळणारा खास संगोपन भत्ता महिना ३,००० रुपये झाला. थेट मूल सांभाळण्यासाठी म्हणून रोख पैसे देणारं आपल्याकडचं हे एक दुर्मीळ उदाहरण आहे आणि महागाई भत्त्याबरोबर हा भत्ताही वाढतो.

राहिला प्राप्तिकर. पाळणाघराच्या फीवर करसवलत नाही. पण प्ले-ग्रुप, नर्सरी यांची शिकवणी फी जुन्या करपद्धतीतल्या दीड लाखाच्या वजावटीत बसते आणि प्रत्येक पालकाला दोन मुलांपर्यंत ती घेता येते. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. अनेक ठिकाणी नर्सरी आणि पाळणाघर एकाच छताखाली चालतं आणि पावती एकाच रकमेची मिळते. वर्षाच्या सुरुवातीलाच शिकवणी फी आणि सांभाळाची फी अशा दोन वेगळ्या पावत्या मागून घ्याव्यात. वर्ष संपल्यावर मागितल्या तर बहुतेक संस्था देत नाहीत. आई-वडील दोघंही कर भरत असतील तर जास्त कर भरणाऱ्याच्या नावाने फी भरावी आणि पावतीवर त्याचंच नाव घालून घ्यावं.